सुनीतीबाईंचा नेम

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावच्या मराठी मंडळींना विचारलं, सुनीतीबाई कोण, तर ती म्हणतील, ज्यांच्या घरी नवरात्रात नऊ दिवस दिवा विझत नाही त्या. शाळेजवळच्या डच लोकांना विचारलं तर ते सांगतील, सकाळी सव्वाआठला पिवळा कोट घालून चौकात उभ्या असतात त्या. बाई एकच, आणि दोन्हीकडे कारणही एकच, बाईंचा नेम. एकदा धरला की सुटायचा नाही.

माहेर मिरजेचं, सासर पुण्याचं, आणि यजमानांच्या नोकरीमागे इथे आल्याला अठरा वर्षं झालेली. नीळकंठराव चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कामात हुशार, स्वभावाने मात्र घाबरट. स्वतः ते याला ‘सावधगिरी’ म्हणत. घरात दोन विजेऱ्या, तीन छत्र्या, आणि पहिल्या वर्षी अखंड दिव्याच्या धुराने छतावरचा भोंगा वाजल्यापासून देवघराच्या दाराशी आग विझवायचं लाल नळकांडं. देवीच्या आधी त्या नळकांड्याचं दर्शन घडे. बाई हसत आणि त्यालाही हळदीकुंकवाचं बोट लावत.

चौकातलं काम त्यांनी लेक ऋता लहान असताना घेतलं. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, येणाऱ्या सायकली आणि गाड्या अडवायच्या. त्यासाठी पोलिसांचा वर्ग करावा लागतो आणि मग महापौरांच्या सहीचं पत्र मिळतं. हातात लांब दांड्याची गोल पाटी असते. इथले लोक तिला ‘तळलेलं अंडं’ म्हणतात. नऊ दिवस कांदासुद्धा न शिवणाऱ्या सुनीतीबाईंना ते नाव काही तोंडात घेववेना. त्या तिला झारा म्हणत. दिसायची तशीच.

त्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी एक फजिती झाली होती. फुटपाथच्या कडेला बाई उभ्या, समोरून व्हॅन येतेय, आणि शिकवणारा पोलीस ओरडला, "हो!" बाईंना वाटलं, निघा म्हणतोय. त्यांनी पाऊल उचललं. पोलिसाने कोटाची कॉलर धरून मागे खेचलं म्हणून बरं. नंतर चहा पिताना त्याने समजावून सांगितलं, डचमध्ये ‘हो’ म्हणजे थांब. बाईंना तेव्हा आजोबा आठवले, गाडीचा बैल थांबवताना ‘हो, हो’ करणारे. बैलाला कळत होतं ते आपल्याला कळू नये! तेव्हापासून ते अक्षर त्यांच्या अंगात भिनलं. चौकात त्या ‘हो!’ म्हणाल्या की ट्रकसुद्धा उभा राही.

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा नीळकंठराव पोट धरून हसले होते आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले. त्यांचं ऑफिस इंग्रजीत, मित्र मराठीत, शेजाऱ्यांशी हात हलवून. अठरा वर्षांत डच त्यांच्या वाटेला गेली नव्हती, आणि ते तिच्या वाटेला गेले नव्हते.

यंदा उन्हाळ्यात कंपनीने त्यांना विचारलं, तीन वर्षांसाठी अमेरिकेत जाल का? तिकडे वाळवंटातल्या एका शहरात नवा कारखाना उभा राहत होता. जायचं ठरलं. ऋताचीही ना नव्हती. पण तिथे वर्षभर आधी गेलेला सुदर्शन म्हणून त्यांचा सहकारी होता, त्याचा फोन आला आणि घरात नवीनच विषय शिरला.

"इथे ज्याच्या त्याच्याकडे पिस्तूल असतं, नीळकंठराव," सुदर्शन म्हणाला. "माझ्या गाडीची काच फोडली परवा. भर दुपारी. तुम्ही येण्याआधी परवाना काढून ठेवा. ते अंगावर लपवून बाळगायचा."

मग कळलं की तिथल्या एका राज्याचा असा परवाना परक्यालाही मिळतो आणि आजूबाजूची राज्यं तो मानतात. वर्ग करायचा, निशाणेबाजीची छोटी परीक्षा द्यायची, बोटांचे ठसे पाठवायचे. आणि वर्ग घेणारा अमेरिकन माणूस जर्मनीतून इकडे येणार होता; गावाबाहेर रानाला लागून नेमबाजीचा क्लब होता, तिथे शनिवारी एक दिवसाचा वर्ग होता. नीळकंठरावांनी दोघांची नावं घालून टाकली.

"दोघांची?" सुनीतीबाई पोळी लाटत होत्या. लाटणं तसंच हातात राहिलं.

"अगं, मी ऑफिसला गेल्यावर घरी कोण? तू आणि ऋता."

"म्हणून मी कमरेला पिस्तूल लावून भाजी चिरू?"

"कमरेला नाही. लपवून."

"लपवायचं आहे तर बाळगायचं कशाला? आणि बाळगायचं आहे तर लपवायचं कशाला?"

"कायद्यातला शब्द आहे तो, सुनीती."

"असेल. आमच्या घरात पोरांपासून लाडू लपवायचे. त्यापलीकडे काही लपवायची सवय नाही मला."

ऋता तेवढ्यात फ्रीज उघडायला आली होती. तिने मराठीत ऐकलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं. "बाबा, यू कान्ट इव्हन किल अ स्पायडर." आणि दही घेऊन निघून गेली.

"कोळी मारायला मी कुठे घेतोय!" नीळकंठराव तिच्या पाठीला म्हणाले. मग सुनीतीबाईंकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, वापरायचं नाहीच आहे. नुसतं असावं."

हे ‘नुसतं असावं’ सुनीतीबाईंच्या मनाला लागून राहिलं. छत्री नुसती असते, विजेरी नुसती असते. ही वस्तू नुसती कशी असेल? ती घरात आली की कुठे ठेवली, कोणी हलवली, ऋताच्या मैत्रिणी आल्या आहेत, कपाटाला कुलूप आहे ना, हाच जप सुरू. देवासमोर बसलं तरी मन त्या कपाटाशी. शिवाय नवरा असा, की मागच्या अंगणात मांजर आलं तरी ‘कोण आहे?’ म्हणून ओरडणारा. त्याच्या हातात ते! पण नुसतं ‘नको’ म्हटलं की नीळकंठराव म्हणायचे, तुला माहीत तरी आहे का त्यातलं. म्हणून त्यांनी अट घातली.

"मी येते. सगळं ऐकते, सगळं करते. पण वर्ग झाल्यावरही माझं ‘नको’ राहिलं तर ती वस्तू घरात येणार नाही."

नीळकंठरावांनी जरा विचार केला. "आणि तुझं ‘नको’ गेलं तर?"

"तर आणा."

"ठरलं," ते म्हणाले, आणि खोडकरपणे पुढे म्हणाले, "खंडेनवमीला पूजेत ठेवायला निदान एक खरं शस्त्र होईल. दरवर्षी आपली विळी आणि माझा स्क्रू ड्रायव्हर."

"विळीला हसू नका. जेवता तिच्यावरच."

शनिवार नवरात्रातला निघाला, सातवी माळ. बाईंनी पहाटे उठून पूजा केली, माळ बांधली, दिव्यात तेल घातलं. शनिवारचा रंग राखाडी, म्हणून राखाडी कुडता. नऊ दिवसांचा उपास, म्हणून डब्यात राजगिऱ्याचे लाडू आणि उकडलेले शेंगदाणे. शाळेला शरद ऋतूची सुट्टी होती; ऋता घरीच होती. तिला दिव्याजवळ बसवून सांगितलं, "तासातासाने बघ. हात कापला नाही पाहिजे तेल घालताना."

"यस, आई. आय नो, आई."

निघताना देवीपुढे त्या मिनिटभर जास्त थांबल्या. मागणं साधंच होतं. देवी, यांना दुखवल्याशिवाय हे आमच्या घरापासून लांब ठेव.

क्लब म्हणजे लांबलचक बैठी इमारत होती. पुढे कॅन्टीन, मागे गोळीबाराची जागा. शिकवणाऱ्याचं नाव डेल, उंच, हळू बोलणारा माणूस. वर्गात आठजण, बाई एकट्या सुनीतीबाई. क्लबच्या बाजूने तोन नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. गोळीबार सुरू असताना तिथला हुकूम त्यांचा. इंग्रजी जेमतेम, बोलणं तिथल्या ब्राबांत प्रांताच्या वळणाचं. सुनीतीबाईंनी डचमध्ये ‘सुप्रभात’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की त्यांनी लगेच खुर्ची पुसून दिली.

सकाळभर डेलने कायदा सांगितला. कुठे नेता येतं, कुठे नाही, घरात कसं कुलपात ठेवायचं. मग नियम. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं. जिथे गोळी जायला नको तिथे तोंड करायचं नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. नेमामागे काय आहे ते बघायचं. नीळकंठराव वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी टिपणं काढत होते. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांना ते नियम आवडले, हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केलं. सोवळ्याचे असावेत तसे नियम. कशाला शिवायचं, कधी शिवायचं, कधी नाही. एवढं सोवळं ज्या वस्तूला लागतं, ती वस्तू स्वयंपाकघराच्या शेजारी ठेवायची?

मग डेलने एक गोष्ट विचारली. "घरात रात्री आवाज आला. दार उघडतंय. तुम्ही काय कराल?"

नीळकंठरावांनी हात वर केला. "मी आधी ओरडेन, कोण आहे?"

"उत्तम," डेल म्हणाला. "बरेचदा ती आपलीच मुलगी असते."

सुनीतीबाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते वहीत काहीतरी खाली मान घालून लिहीत होते.

जेवणाच्या सुट्टीत तोननी सगळ्यांना क्रोकेट, म्हणजे मांसाचे तळलेले रोल, आणून दिले. बाईंनी ‘उपास आहे’ हे डचमध्ये समजावून सांगितलं, चौकातल्या कामाचंही सांगितलं आणि त्यांच्या बशीत राजगिऱ्याचा लाडू ठेवला. तोननी तो बराच वेळ चावला, आणि म्हणाले, "याने दात पडला तर मी तुमच्याकडे येईन." बाई खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

दुपारी गोळीबाराची परीक्षा. दोघादोघांनी, पाच-पाच गोळ्या, समोर तारेवर लटकवलेला कागद. पहिल्या जोडीतच डेलने सुनीतीबाईंना बोलावलं. कानावर जाड मफ, डोळ्यांवर चष्मा. अंबाड्यामुळे मफ बसेना. बाईंनी अंबाडा सोडून वेणी घातली. पिस्तूल थंड होतं आणि वाटलं होतं त्याहून जड. ‘देवी, हातून वावगं घडू देऊ नकोस,’ एवढं म्हणून त्यांनी श्वास आत घेतला, अर्धा सोडला आणि थांबवला. दिव्यात तेल ओततात तसा. ज्योत हलता कामा नये.

पाचही गोळ्या काळ्या वर्तुळात. तीन तर अशा शेजारी-शेजारी, की एका रुपयाने झाकल्या जाव्यात.

डेलने शीळ घातली. "मॅडम, तुम्ही हे आधी केलंय?"

"नाही. मी वाती वळते," सुनीतीबाई म्हणाल्या. त्याला काही ते कळलं नाही.

त्या मागे खुर्चीवर येऊन बसल्या, तेव्हा नीळकंठरावांचं तोंड अभिमानाने फुललं होतं. "काय नेम आहे गं तुझा! आता कसलं ‘नको’? आता तर तुझ्याच नावावर घेऊ. मी निर्धास्त!"

बाईंच्या मनात आलं, हे आपण काय करून बसलो? चांगलं करायचं म्हणून केलं, जसं पुरण चांगलं वाटतो तसं, आणि तेच आता गळ्याशी आलं. अट आपली, शब्द आपला. ‘तुझं नको गेलं तर?’ नको तर गेलेलं नव्हतंच. उलट ते पिस्तूल हातात घेतल्यापासून आणखी घट्ट झालं होतं. किती सोपं होतं ते! बोट जरासं दुमडलं की झालं. पण आता हे यांना पटवायचं कसं? ते म्हणणार, जिला इतकं जमतं तिनेच भ्यायचं?

शेवटच्या जोडीत नीळकंठराव होते. शेजारच्या लेनमध्ये एक दाढीवाला गृहस्थ. नीळकंठरावांनी पहिली गोळी भिंतीत घातली, दुसरी कागदाच्या कोपऱ्यात, तिसरी वर्तुळाच्या कडेला, चौथी बरी. एक राहिली होती. कपाळावर घाम. ती साधली तर पास होणार होते.

नेमका तेव्हाच दाढीवाल्याचा कागद तारेवर अडकला. डेलने हात वर करून सगळ्यांना सांगितलं, शस्त्रं खाली, मी पुढे जातोय. दाढीवाल्याने पिस्तूल ठेवलं. नीळकंठरावांनी मात्र ऐकलंच नाही. ते डोळे मिटून आकडेमोड करत होते, मघाशी गोळी डावीकडे गेली म्हणजे आता किती उजवीकडे धरायची. डेल टेबलांच्या पलीकडे जाऊन वाकला, तारेशी खटपट करू लागला. आणि नीळकंठरावांनी डोळे उघडले. समोरच्या कागदाशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. तरी माणूस सावध. परवानगी घेतल्याशिवाय काही करणार नाही. मान वळवून त्यांनी तोनना विचारलं, भुवया उंचावून, मारू का?

तोनच्या तोंडचा रंग उडाला. घाबरलेल्या माणसाला परकी भाषा कुठली आठवायला! ते ओरडले, "हो!"

नीळकंठरावांनी मान डोलावली आणि पिस्तूल उचललं.

"हो! हो! हो!" तोन दोन्ही हात पसरून ओरडत होते. मफमधून नीळकंठरावांना नुसता आवाज येत होता, आणि त्यांना वाटलं, म्हातारा किती जोर देतोय! एवढ्या आपुलकीने होकार द्यायचा म्हणजे गोळी वाया जाऊ देता कामा नये. त्यांनी नेम धरला. बोट चापावर गेलं.

सुनीतीबाईंना नंतर लोकांनी कितीदा विचारलं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं. काहीच नाही. त्या खुर्चीवरून कधी उठल्या तेही आठवत नाही. पोटाच्या तळापासून, सात वर्षं ट्रक अडवलेला तो चौकातला आवाज निघाला.

"अ हो ऽ ऽ!"

आता, डच भाषा नीळकंठरावांना येत नसेल. इंग्रजीतला हुकूम त्यांनी ऐकला नसेल. पण लग्नाला तेवीस वर्षं झालेला मराठी माणूस त्या स्वरातलं ‘अहो’ ऐकून जागच्या जागी थिजतो. दूध उतू चाललंय, चिखलाचे बूट आत आणलेत, पोर पडलं, त्या सगळ्यांचा मिळून तो स्वर असतो. नीळकंठरावांचं बोट चापावरून निघालं. पिस्तूल खाली टेकलं. त्यांनी मागे पाहिलं, मग पुढे, आणि तेव्हा त्यांना तारेपाशी वाकलेली डेलची पाठ दिसली. दोन हातांवर.

तोन पुढे झाले, त्यांनी पिस्तूल हातातून घेतलं, उघडलं. पितळेची एक गोळी टणकन टेबलावर पडली आणि गोल फिरत राहिली. नीळकंठराव तिच्याकडे बघत होते. ती फिरायची थांबली तरी बघत होते.

"पण ते... ही सेड यस," ते शेवटी म्हणाले. ओठ कोरडे पडले होते. "मी विचारलं. ते हो म्हणाले. चारदा म्हणाले!"

"मी ‘हो’ म्हणालो!" तोन डचमध्ये ओरडले, आणि खाली खुर्चीत बसले. "हो! हो! किती वेळा म्हणू?"

"तेच की! हो!"

सुनीतीबाई मधे उभ्या राहिल्या, एका हाताने तोनना आणि दुसऱ्याने यजमानांना थोपवत, अगदी चौकात उभ्या राहतात तशा. "यांच्या भाषेत हो म्हणजे थांब," त्यांनी नीळकंठरावांना मराठीत सांगितलं. "आणि आमच्या भाषेत हो म्हणजे खुशाल," तोनना डचमध्ये सांगितलं. मग डेलला, येईल तशा इंग्रजीत.

डेलने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. तोही पांढरा पडला होता. "माझीही चूक आहे," तो म्हणाला. "सगळी पिस्तुलं टेबलावर बघितल्याशिवाय मी पुढे जायला नको होतं. वीस वर्षं हेच शिकवतोय मी." मग त्याने नीळकंठरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण सर, आजचा दिवस तुमचा नाही."

"नाही," नीळकंठराव म्हणाले. "नाहीच."

तोननी रुमालाने मान पुसली. त्यांना अजून एक कोडं सुटलं नव्हतं. "बाई, मी चार वेळा ‘हो’ म्हणालो तर ते ऐकेनात. तुम्ही एकदाच ‘आ-हो’ म्हणालात आणि थांबले. हे ‘आ-हो’ काय आहे? जास्त जोराचं थांब?"

"ते यांचं नाव आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे सगळं रामायण डचमध्ये कोण सांगत बसणार!

"आहो," तोननी आदराने म्हणून पाहिलं. "मेनेर आहो." मेनेर म्हणजे डचमधलं श्रीयुत. आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. डेलही हसला. दाढीवालाही. सुनीतीबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी ओढणीने तोंड झाकून घेतलं. नीळकंठराव हसले नाहीत. त्यांनी कानावरचे मफ काढले, नीट पुसले, आणि जागेवर ठेवले.

निघताना डेलने सुनीतीबाईंच्या हातात प्रमाणपत्र दिलं. तोन दारापर्यंत आले आणि निरोप घेताना म्हणाले, "मेनेर आहो, चौकातून जाताना बायकोचं ऐका."

क्लबपासून घर सायकलने पंचवीस मिनिटं. रानातून वाट, पानं पिवळी पडलेली. सुनीतीबाईंना वाटत होतं, आता टोचावं. जिभेवर चार वाक्यं आली होती, एकाहून एक धारदार. पण त्यांनी ती गिळली. नवरात्रात कोणाला दुखवू नये. आणि देवीकडे मागताना त्यांनीच म्हटलं होतं, यांना दुखवल्याशिवाय.

कालव्याच्या पुलावर नीळकंठरावांनी सायकल थांबवली.

"सुनीती, मी विचारलं होतं गं. न विचारता करत नव्हतो."

"माहीत आहे."

"मला वाटत होतं, माणसाने सगळी काळजी घेतली की झालं. मी सगळे नियम लिहून घेतले होते. चार रंगांत." ते पाण्याकडे बघत राहिले. "अठरा वर्षं राहिलो इथे. कोणी थांब म्हणालं तर मला कळत नाही. असला माणूस खिशात काय घेऊन हिंडणार होता?"

सुनीतीबाईंनी आपली सायकल त्यांच्या शेजारी टेकवली.

"तुझं ‘नको’ आहे ना अजून?"

"आहे."

"मग माझंही. सुदर्शनला आजच कळवतो. घराला चांगलं कुलूप बसवू, शेजाऱ्यांशी ओळख करू. बास." जरा थांबून म्हणाले, "आणि ते प्रमाणपत्र?"

"लाडवांच्या डब्यात ठेवते," बाई म्हणाल्या. "लपवून."

तेव्हा कुठे नीळकंठराव हसले. आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं. सुनीतीबाईंनी सायकलच्या दांडीवरचा त्यांचा हात दाबला. सकाळपासून छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना झालं. त्या पुलावर उभ्या राहून त्यांनी नुसता श्वास घेतला. पूर्ण घेतला आणि पूर्ण सोडला.

घरी दिवा तेवत होता. ऋता देवघराबाहेर जमिनीवर पुस्तक घेऊन बसली होती, शेजारी तेलाची वाटी, आणि हाताशी ते लाल नळकांडं. "सो? हू पास्ड?"

"आई," नीळकंठराव म्हणाले. "मी नापास. आणि ती वस्तू येत नाहीये आपल्याकडे."

ऋताने दोघांकडे पाहिलं. मग उठून बापाला मिठी मारली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मराठीत म्हणाली, "बरं झालं, बाबा."

सोमवारी खंडेनवमी. शाळा उघडणार, म्हणून बाईंनी पूजा पहाटेच मांडली. पाटावर लाल कापड घातलं. विळी, कात्री, सुया, नीळकंठरावांचे स्क्रू ड्रायव्हर, ऋताची कंपासपेटी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूची पाकळी. आरती करायच्या आधी नीळकंठराव "थांब" म्हणाले आणि कपाटाकडे गेले. सुट्टीत धुवायला घरी आणलेली गोल पाटी तिथे कोपऱ्यात उभी होती. त्यांनी ती आणली आणि पाटाच्या मधोमध आडवी ठेवली.

"या घरात खरं शस्त्र एवढंच आहे," ते म्हणाले. "आणि त्याचा परवानाही आहे. महापौरांच्या सहीचा."

पाटीच्या लाल कडेला बाईंनी बोटभर कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या.

सव्वाआठला त्या चौकात उभ्या होत्या. धुकं होतं. एका छोट्या मुलीने पाटीवरचा ठिपका पाहून विचारलं, "बाई, हे काय लागलंय?" बाई म्हणाल्या, "आज तिचा वाढदिवस आहे." मुलीला ते एकदम पटलं.

मुलांची रांग निघायला आणि डावीकडून ऑफिसला निघालेली सायकल यायला एकच गाठ पडली. सुनीतीबाईंनी झारा आडवा धरला आणि आवाज चढवला, "हो!"

सायकल करकचून थांबली. एक पाय जमिनीवर, हेल्मेटखाली आज्ञाधारक चेहरा. नीळकंठराव. मुलं ओलांडून गेली, शेवटची ती छोटी मुलगीही गेली. रस्ता मोकळा झाला. तरी ते हलेनात.

"आता जाऊ का?" त्यांनी मराठीत विचारलं.

सुनीतीबाईंच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. त्यांनी ते आतल्या आत वळवून घेतलं.

"जा," त्या म्हणाल्या.